मंजूर आणि प्रमाणित

खांबावरची पेटी आता काळ्या कचरापिशवीत आहे,
तोंडाशी निळी सुतळी.
मीच बांधली. शिडी पालिकेची, सुतळी घरची.

कोर्ते वालोना: पो नदीच्या खालच्या अंगाला
एक सरळसोट रस्ता, दोन्हीकडे कालवे,
आणि हिवाळ्यात धुकं असं, की चर्चची घंटा
कुठे वाजतेय ते चर्चच्या दारात उभं राहूनही कळू नये.
गावातून जाताना ताशी पन्नास.
तसं पाटीवर लिहिलंय. पाटीवर
अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

एकोणीस वर्षं मी दंडाच्या नोटिसा पाठवते.
आधी लोक खिडकीशी यायचे, भांडायचे:
बायकोला कळा सुटल्या होत्या, ब्रेक नवे होते,
एकाच्या तर गाडीत मधमाश्या शिरल्या होत्या.
(त्याला मी पाणी दिलं. दंड कायम ठेवला.)
निदान ज्याची त्याची थाप स्वतःची होती.

मग वकील झानफोर्लिन यांना दोन शब्द सापडले.
पेटी मंजूर आहे, ते म्हणाले,
पण प्रमाणित आहे का?
मी शब्दकोश काढला. दोन्ही शब्द
एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे.
पण कायद्यात एक होता, आमच्या कागदावर दुसरा,
आणि मधल्या फटीतून
मांजर सरावाने जाते तसे
ट्रक जाऊ लागले.

पळवाट म्हणतात तिला.
पण पळत कोणीच नाही. सगळे बसून जातात,
सीटबेल्ट लावून.

छापील अर्ज, फक्त नाव आणि गाडीचा नंबर भरायचा,
साठ युरो वकिलांना,
शांतता-न्यायाधीशांपुढे सात मिनिटं.
वेगाबद्दल तिथे कोणी बोलत नाही.
लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला पगार विचारावा
तसं ते दिसतं.
शब्दाचा कीस काढतात, एवढंच ऐकून होते.
इथे त्या किसावर जेवणं होतात,
आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी.

मार्चमध्ये एक अर्ज माझाही होता.
एकाहत्तर.
घरी कोणी आजारी नव्हतं. केस कापायला उशीर झाला होता.
पैसे परत आले, त्यांचे पडदे घेतले, पिवळे.
चांगले आहेत.

इव्होने ब्रुनाल्दी. कालव्याचा दरवाजा
चाळीस वर्षं वर-खाली करणारा माणूस,
पाण्यालासुद्धा घाई करू द्यायचा नाही.
सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता,
मागे कॅरियरला कांद्याची रोपं.
गाडी थांबली ती रोपं जिथे पडली
तिथून बासष्ट पावलं पुढे.
पावलं मी मोजली. माझी पावलं काही प्रमाणित नाहीत.

विमा कंपनीच्या पत्रात तोच परिच्छेद होता,
स्वल्पविरामासकट.
नोंद ग्राह्य नाही. नोंद नाही म्हणजे वेग नाही.
वेग नाही म्हणजे गाडी, कायद्याच्या नजरेत,
जवळजवळ उभीच होती
आणि इव्होनेच तिच्यावर जाऊन आदळला.

काल तो कुबड्या घेऊन खिडकीशी आला.
मागे रांग होती. आवाज न चढवता म्हणाला,
नेरिना, किती होता?

आकडा माझ्यासमोर होता. खालच्या ओळीत: रद्द.
रद्द झालेली नोंद सांगायला मनाई आहे,
तोंडी किंवा लेखी.
मी काचेवर जवळून श्वास सोडला
आणि त्या वाफेवर बोटाने लिहिलं, त्र्याण्णव,
अंक उलटे काढले, म्हणजे पलीकडून त्याला सुलटे दिसावेत.

त्याने चष्मा शोधला. वेळ लागला.
तेवढा वेळ वाफ टिकली.

मग मागचा माणूस पुढे सरकला,
छापील अर्ज काचेखालून आत सारला,
आणि म्हणाला, जरा पेन द्याल का?